चौऱ्याऐंशी किलोमीटरची मेणबत्ती

१ फेब्रुवारी, गुरुवार

आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी जावयाने माझं नाक दाबलं. माझं म्हणजे सगळ्या देशाचं.

सरहद्दीच्या डोंगरापलीकडे त्यांचं पंप स्टेशन आहे आणि अलीकडे आमचं. तिकडून आलेलं तेल गेली बावीस वर्षं मी पुढे ढकलतो आहे, इथून चौऱ्याऐंशी किलोमीटरवरच्या रिफायनरीपर्यंत. आणि तिकडच्या व्हॉल्व्हवर बसतात आमचे जावईबापू. चार वर्षांपूर्वी दोन्ही स्टेशनांची मिळून एक मीटिंग झाली, लेक माझा विसरलेला चष्मा द्यायला आली, आणि पुढचं सगळं त्या चष्म्याने केलं. तेव्हा दोन्ही देशांचं गूळपीठ होतं. व्याही लग्नात माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले होते, चला, तेल आता घरातल्या घरात राहिलं.

रोज सकाळी आठला दोन्ही स्टेशनांनी फोनवर एकमेकांना आकडे सांगायचे, असा करार आहे. बोलणं दोन्हीकडे टेप होतं, त्यामुळे सासरा-जावई असूनही 'बरे आहात ना' एवढंही विचारायची सोय नाही. आज त्यांनी वाचून दाखवलं, "वरून आदेश आहे. व्हॉल्व्ह बंद करत आहे. दाब शून्य, प्रवाह शून्य."

मी म्हटलं, "कारण?"

"कारणाच्या रकान्यात काही लिहिलेलं नाही."

कारण दुपारी रेडिओने सांगितलं. त्यांना आमचं बंदर हवं आहे, पन्नास वर्षांसाठी. रिफायनरीत तेल आहे वीस दिवसांचं. जहाजाने मागवावं तर खाडीच्या तोंडाशी त्यांच्याच बोटी उभ्या. एकवीस तारखेला आमचे मंत्री सही करायला जाणार. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

घरी आल्यावर हिने पहिला प्रश्न विचारला, "त्यांचा आवाज कसा होता?" मी म्हटलं, देशाच्या गळ्याशी आलं आहे आणि तुला आवाजाचं पडलं आहे. ती म्हणाली, "लेक तिकडे आहे माझी. बाकीचे फोन दुपारपासून बंद झालेत. आता मला तेवढा आवाजच राहिला." हे खरं होतं, म्हणून मी चिडलो.

४ फेब्रुवारी, रविवार

बसगाड्या निम्म्या झाल्या. पेट्रोलच्या रांगेत मागच्याला पंप दिसत नाही, फक्त पुढच्याची पाठ दिसते. रांगेतल्या एकाने मला ओळखलं. "फोरमन, जावयाला सांगा की थोडं सोडायला." सगळे हसले. मीही हसलो, पण घरी पोचेपर्यंत कान गरम होते.

बावीस वर्षं आपण दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यालो, हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. पाइप त्यांनी टाकली. पंप त्यांचे. दर सात किलोमीटरला तापमान मोजणारं एक यंत्र पुरलं आहे, त्यांच्याही बाजूला आणि आमच्याही, पण आकडे उमटतात ते त्यांच्या स्टेशनातल्या बोर्डावर. माझ्यासमोर दोनच गेज, दाब आणि प्रवाह. बाकीचे आपल्याकडे का नाहीत, असं कधी कुणी विचारलं नाही. मीही नाही. तेल येत होतं.

७ फेब्रुवारी, बुधवार

राजधानीहून एक केमिस्टबाई आली आहे. तिशीची असेल. खिशात तीन थर्मामीटर. आमच्या मिस्त्रीने तासाभरात तिचं नाव थर्मामीटर ठेवलं. मिस्त्रीचं नाव सावकाश, ते मी ठेवलेलं.

स्टेशनमागच्या खाऱ्या माळावर आमच्या स्वतःच्या तेलाच्या अठरा विहिरी आहेत. चाळीस वर्षांपूर्वी तेल लागलं तेव्हा बँड वाजला होता म्हणे. मग ते तेल बादलीत गार झालं आणि थिजलं. बादली उलटी केली तरी पडेना. शेजारच्या देशाचे तज्ज्ञ आले, बघून गेले आणि 'निरुपयोगी' असा अहवाल दिला. मेणच ते. आम्ही दाराच्या बिजागऱ्यांना लावतो.

बाई म्हणते, तेच रिफायनरीला ढकलायचं.

"फोरमनसाहेब, बत्तीस अंशांच्या वर असेल तोवर ते छान वाहतं."

"आणि बत्तीसच्या खाली?"

"खाली जाऊ द्यायचं नाही."

मी म्हटलं, "बाई, बाहेर पाणी गोठायची थंडी आहे. वाटेत थांबलं तर चौऱ्याऐंशी किलोमीटरची मेणबत्ती होईल. मग देशाने ती घेऊन काय करायचं?"

ती हसली नाही. वहीत काहीतरी लिहिलं. मला न हसणाऱ्या माणसांची भीती वाटते.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

तिची योजना अशी. आधी तीन दिवस लाइनीतून नुसतं उकळतं पाणी सोडायचं, म्हणजे पाइपभोवतीची माती तापेल. मग पाण्याच्या पाठोपाठ तापवलेलं तेल. बेचाळीस तासांत रिफायनरी. एकदा तेल लाइनीत शिरलं की पंप क्षणभरही थांबवायचा नाही. हे तिने मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "बाई, तुम्ही दुसरी-तिसरीत होतात तेव्हापासून मी पंप चालवतो आहे."

योजना वाईट नाही. हे मी तिला सांगितलेलं नाही.

मोठ्या साहेबांचा राजधानीहून फोन आला. म्हणाले, अठरा-एकोणीसपर्यंत रिफायनरीची भट्टी आपल्या तेलावर पेटली तर मंत्री सही करणार नाहीत. नाही पेटली तर बंदर गेलं. "सगळं तुमच्यावर आहे," असं म्हणाले. बावीस वर्षांत हे वाक्य माझ्या वाट्याला प्रथमच आलं. मी हिला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "ऐकलं मी, पहिल्यांदाच ऐकलं."

बाईने आज विचारलं, "तापमानाचे आकडे त्यांच्या बोर्डावर अजून उमटत असतील?"

"उमटत असतील. तार कुणी तोडलेली नाही. पण त्यांना आता त्याचं काय?"

ती बराच वेळ टेबलावरच्या फोनकडे बघत बसली. मग म्हणाली, उद्यापासून आठच्या फोनला मी दुसऱ्या रिसीव्हरवर बसेन. समजलो. माझा जावई तिकडे, म्हणून माझ्यावर नजर ठेवायला पाठवली आहे. बसू दे. कर नाही त्याला डर कशाला.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी आठला पाणी सोडलं. दोन्ही बॉयलर धडधडत आहेत. त्यांच्या रेडिओवर संध्याकाळी बातमी होती, शेजाऱ्यांनी आंघोळीचं पाणी पाइपात सोडलं आहे. निवेदकाला हसू आवरत नव्हतं. सावकाश मिस्त्रीने रेडिओ बंद केला, तोही घाईने.

१४ फेब्रुवारी, बुधवार

आठचा फोन. जावईबापू: "दाब शून्य, प्रवाह शून्य. इतर नोंदी, सात, सतरा."

मी म्हटलं, "इतर नोंदी कसल्या? रोज नसतात."

"फॉर्ममध्ये रकाना आहे. वाचून दाखवणं माझं काम."

फॉर्ममध्ये रकाना आहे म्हणे. चार वर्षांत कधी वाचला नाही, आता व्हॉल्व्ह बंद केल्यावर नियम आठवले. हुकूम मानायचा तो मानला, वर हा शहाणपणा. त्यांच्या बाजूच्या रिकाम्या लाइनीत सतरा अंश असोत नाहीतर सत्तर, मला काय करायचं आहे? मी फोन ठेवला तेव्हा बाई रिसीव्हर कानाला तसाच धरून होती.

मग दुपारी तिने माळावरची पोती गोळा करून दोन माणसं नदीच्या पुलाकडे पाठवली. आमची लाइन सगळीकडे जमिनीखाली आहे, फक्त एकोणपन्नासाव्या किलोमीटरला नदी लागते, तिथे ती तीनशे मीटर उघडी, पुलाच्या कडेने जाते. तिथे पोती गुंडाळायची म्हणाली. थंड वाऱ्याचा विचार केला असणार. डोकं आहे तिला.

रात्री हिला फोनचं सांगितलं. हिने विचारलं, "सात म्हणजे काय?" मी म्हटलं, काहीतरी त्यांचं. "आणि आवाज?" आवाज नेहमीसारखा. थोडा सावकाश. आकडा दोनदा उच्चारला. बऱ्याच दिवसांनी हिने जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

काल 'सात, सत्तावीस'. आज 'सात, अडतीस'. मी आता उत्तरच देत नाही, नुसतं हं म्हणतो.

आजचा आकडा ऐकून फोन ठेवला आणि बाई उठून म्हणाली, "चला, तेल सोडू." आपल्याकडे एक यंत्र नाही, एक आकडा नाही, आणि ही हवेत बघून ठरवते. काल मी सोडूया म्हटलं तर नको म्हणाली होती. पण खरं सांगतो, आता तिचा भरवसा वाटायला लागला आहे.

दहा वाजता व्हॉल्व्ह फिरवला. स्वतःच्या जमिनीतलं तेल, स्वतःच्या हाताने. काळं, दाट, वाफाळलेलं. सावकाश मिस्त्रीने टोपी काढली. बिजागऱ्यांना लावायचं तेल ते, पण आज आमच्या दहा जणांपैकी एकालाही बसवेना.

१७ फेब्रुवारी, शनिवार

जे झालं ते लिहितो. मी केलं.

शनिवारी दुपारी बाराला कॉलनीचा भोंगा होतो. बावीस वर्षं त्या भोंग्याला आम्ही पंप बंद करतो, तेल गाळायची जाळी उघडतो, धुतो, चहा घेतो आणि तासाभराने पुन्हा चालू करतो. त्यांचं पातळ तेल होतं, तासभर काय, दिवसभर थांबलं तरी फरक पडत नसे.

आज भोंगा झाला आणि माझा हात बटणाकडे गेला. मी पंप बंद केला. सावकाशने पाना उचलला. दुसऱ्याने बादली आणली, तिसऱ्याने चहा ठेवला. चार माणसं, मिळून ऐंशी वर्षांचा अनुभव, आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. बाई विहिरींवर गेली होती. जाळीत मेण भरलेलं, म्हणून धुवायला जास्तच वेळ लागला. मी सावकाशला म्हणालोसुद्धा, आज नीट धू, आज महत्त्वाचा दिवस आहे.

एक चाळीसला पंप सुरू केला. दाब चढत गेला, चढत गेला. प्रवाहाचा काटा शून्यावर. तेव्हा मला कळलं. मी जाळीच्या कठड्यावर बसलो.

बाई धावत आली. तिने मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तिने एवढंच विचारलं, "किती वेळ बंद होता?" मग म्हणाली, "कुठेतरी एका जागी थिजलं आहे. बाकीच्या लाइनीला मातीची ऊब उद्या संध्याकाळपर्यंत पुरेल. तोवर ती जागा सापडली तर वाचलो." चौऱ्याऐंशी किलोमीटर. कुठे खणायचं?

एवढ्यात फोन वाजला. दोन वाजून दहा मिनिटं. ही काही वेळ आहे? जावईबापू. "इतर नोंदी. सात, एकतीस. बाकी सगळे चाळीसच्या वर. पुन्हा सांगतो. सात, एकतीस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इथे माझं घर जळतं आहे आणि ह्यांना फॉर्म भरायचा आहे. मी ओरडलो, "अहो, आठची वेळ आहे ना ठरलेली? तुमचे आकडे तुमच्याकडे ठेवा. मला त्यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. पुन्हा अवेळी फोन करू नका." आणि आपटला फोन. आयुष्यात जावयावर पहिल्यांदा आवाज चढवला. बरंच झालं.

मागे वळलो तर बाईने दुसरा रिसीव्हर खाली ठेवून गाडीची किल्ली घेतलेली. म्हणाली, "पूल. पुलावर थिजलं आहे. पंप बंद करू नका, लाल रेघेच्या जरा खाली दाब धरून ठेवा. मला कढत पाणी हवं आणि पांघरुणं, मिळतील तेवढी." आणि गेली. कशावरून पूल? तिने पंपाचा आवाज ऐकला असेल. काही माणसांना उपजत असतं.

कॉलनीत निरोप पाठवला. ही दहा मिनिटांत स्टाफची बस भरून निघाली, घरातली सगळी पांघरुणं घेऊन. मला म्हणाली, "तुम्ही फक्त त्या काट्याकडे बघत बसा. बाकी कशाला हात लावू नका." बरोबरच होतं तिचं.

१८ फेब्रुवारी, रविवार

आलं. तेल हललं.

लाल रेघ साठवर आहे. काल दुपारपासून मी काटा अठ्ठावन्नवर धरून उभा होतो. आळीपाळीने बसा म्हणाले सगळे. मी बसलो नाही. बसायचा अधिकार मी काल बारा वाजता घालवला होता. आठचा फोन आला तेव्हाही गेजवरची नजर काढली नाही, सावकाशला घ्यायला लावला. तो म्हणाला, "सात, तेहतीस म्हणतात. पुढे काहीच बोलले नाहीत." मी म्हटलं, बोलतील कशाला, काल ऐकवलं आहे.

अकरा वाजून वीस मिनिटांनी काटा थरथरला. सत्तावन्न. मला वाटलं, माझेच डोळे. मग बावन्न. मग एकदम चाळीस, आणि शेजारच्या गेजचा काटा, जो काल दुपारपासून मेल्यासारखा पडला होता, तो उठून चालायला लागला. सावकाश मिस्त्री अंगणात पळत गेला. पळताना मी त्याला प्रथमच पाहिलं. आम्ही सगळे एकमेकांना मिठ्या मारत होतो, हात तेलाचे, तोंडं तेलाची. मी रडलो. लाज वाटली नाही.

ही दुपारी आली. हात पोळलेले, आवाज बसलेला, आणि तोंड फुललेलं. पुलाजवळच्या वस्तीतली घरं रिकामी झाली होती म्हणे. शाळेच्या, खाणावळीच्या चुलींवर पाणी तापत होतं. तीनशे मीटरला पांघरुणं गुंडाळली आणि बादल्यांची रांग लावून वरून कढत पाणी. एका म्हाताऱ्याने अंगातला कोट काढून पाइपला घातला आणि बटणंही लावली. बाईने पाइपला कान लावला, सगळ्यांना गप्प केलं, आणि म्हणाली, वाहतंय. मग कुणी गप्प बसेना.

"आणि पुलाच्या खांबावर मोठ्या अक्षरात सात लिहिलं आहे," ही म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हटलं, "असेल. पुलांवर काही ना काही लिहिलेलं असतंच."

ही म्हणाली, "रागाने तुमचे कान बंद होतात, हे लग्नाच्या वर्षीच माझ्या लक्षात आलं होतं." कशाचा कशाशी संबंध नाही. दमली आहे ती. हातांना मलम लावून दिलं.

१९ फेब्रुवारी, सोमवार

पहाटे रिफायनरीने कळवलं, तेल पोचलं. दुपारी भट्टी पेटली. धुराड्यातून निघालेला धूर बघायला लोक गच्च्यांवर चढले होते. धुराला टाळ्या पडलेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या.

मोठ्या साहेबांना सांगितलं, पंप मी बंद केला होता. ते म्हणाले, "आज ते राहू द्या." मी म्हटलं, राहू देणार नाही, अहवालात लिहिणार. लिहिलं.

२० फेब्रुवारी, मंगळवार

मंत्री जाणार नाहीत. सही नाही. बंदर आपलं आहे. रेडिओवर ते वाक्य दर तासाला सांगत आहेत आणि आम्ही दर तासाला नव्याने ऐकतो आहोत. पेट्रोलच्या रांगेत कुणीतरी मला पुढे जायला सांगितलं. मी गेलो नाही, पण बरं वाटलं.

८ मार्च, गुरुवार

शेरास सव्वाशेर भेटला. त्यांच्या टाक्या काठोकाठ भरल्या, दुसरं गिऱ्हाईक त्या लाइनीवर नाही, आणि विहिरी बंद ठेवणं त्यांना परवडत नाही. आता तेच म्हणतात, व्हॉल्व्ह उघडूया. आमची अट: भाव दोघांनी मिळून ठरवायचा, बंदराचा विषय पुन्हा नाही, आणि लाइनीवरचे सगळे आकडे आमच्याही बोर्डावर दिसले पाहिजेत. ही शेवटची अट बाईची. सगळ्या मान्य झाल्या. चौदा तारखेला इथेच समारंभ. त्यांचे मुख्य अभियंते माणसं घेऊन येणार, त्यांत जावईही.

माझा सत्कार आहे. भाषण लिहायला घेतलं. त्यात दोन गोष्टी ठामपणे सांगणार. चूक माझी होती. आणि पूल ओळखला तो बाईने, मी नाही. बढाया मारायची मला सवय आहे हे मला माहीत आहे, पण दुसऱ्याचं श्रेय घेणं माझ्या रक्तात नाही.

१३ मार्च, मंगळवार

भाषण बाईला वाचून दाखवलं. तिने दार लावून घेतलं.

म्हणाली, "चूक तुमची होती, हे खुशाल सांगा. पुलाचं मात्र तुम्हीच ओळखलं म्हणून सांगा."

मी म्हटलं, मी खोटं बोलणार नाही. तुम्हाला कळलं कसं, ते तरी सांगा.

तिने समोरच्या कागदावर एक रेघ काढली. इथे स्टेशन, तिथे रिफायनरी. दर सात किलोमीटरला एक टिंब. मोजत गेली. सातवं टिंब पुलावर आलं. मग तिने कागदावर खाली लिहिलं: सतरा, सत्तावीस, अडतीस, एकतीस.

मी बोट ठेवून टिंबं पुन्हा मोजली. पूल सातवाच.

बाई म्हणाली, "त्यांच्याकडे चौकशी बसली आहे. आपल्याला पूल कसा कळला, याची. फोनच्या टेप ऐकल्या त्यांनी. तुमच्या जावयांनी सांगितलं, मी नियमाप्रमाणे फॉर्म वाचला, समोरच्या माणसाला त्यातलं काही कळलंही नाही. आणि टेपवर तुम्ही तेच ओरडता आहात. त्यावरच ते अजून नोकरीत आहेत. बाहेर आहेत."

"मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही फोनवर त्यांच्याशी गोड बोलला असतात."

खरं आहे. बोललो असतो. मला कुठलीही गोष्ट पोटात ठेवता येत नाही. त्या पोराने तुरुंगाच्या दारात उभं राहून मला रोज एकेक आकडा दिला, आणि मी त्याच्यावर फोन आपटला, आणि तो आपटला म्हणून तो वाचला. हे कुणाला सांगू? हिला सांगायला गेलो. ती म्हणाली, "मला खांब बघितल्यापासून माहीत आहे." लेक आणि जावई दोघं तिकडे आहेत. उद्या त्यांचे मुख्य अभियंते मला विचारणारच. मला भीती वाटते आहे.

१४ मार्च, बुधवार

स्टेशनच्या अंगणात मांडव नाही, नुसत्या खुर्च्या. समोरच्या रांगेत त्यांचे मुख्य अभियंते, पांढऱ्या केसांचे, बारीक डोळ्यांचे. शेजारी जावई. लेकही आली होती. हिने तिला जी मिठी मारली ती भाषणं संपेपर्यंत पुरती सोडलीच नाही. जावयाचा चेहरा उतरलेला. माझ्याकडे त्याने पाहिलंच नाही.

मी चूक कबूल केली. शनिवारचा भोंगा, जाळी, चहा, सगळं सांगितलं. दोन्ही देश हसले. मग ते मुख्य अभियंते उठले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "एक कुतूहल आहे. चौऱ्याऐंशी किलोमीटरमध्ये तुम्हाला नेमका पूलच कसा सापडला?"

बाई जमिनीकडे बघत होती.

मी छाती पुढे काढली. म्हटलं, "साहेब, बावीस वर्षं या पाइपशी संसार केला आहे. तिचं कुठे दुखतं हे मला यंत्राने सांगायला नको. पंपाला कान लावला आणि म्हटलं, पूल. ही बाई शिकलेली, तिला पटेना, तरी मी तिला पिटाळली. माझ्यासारखा कान या लाइनीवर दुसरा नाही, तुमच्याकडेही नाही." आणि थांबलो नाही. कोणत्या साली कोणता बिघाड आवाजावरून ओळखला, ते सांगत सुटलो. त्यातले निम्मे बिघाड झालेच नव्हते. मग म्हटलं, "खरं तर आणखी लवकर सापडला असता. पण ऐन वेळी आमच्या जावईबापूंनी फोन करून कसल्यातरी आकड्यांची टकळी लावली. अर्धं मिनिट माझं त्यात वाया गेलं. हुशार आहेत, पण प्रसंग कळत नाही."

मुख्य अभियंते माझ्याकडे एक क्षण बघत राहिले. मग हसले, अगदी पोट धरून हसले. जावयाच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "ऐकलंस? मी उगाच तुला इतके दिवस छळलं."

जावई उठला. मान खाली. म्हणाला, "चूक झाली, बाबा."

सगळे हसत होते. मी त्याचा हात हातात घेतला. बर्फासारखा गार होता आणि घामाने भिजलेला. मी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला, फोटो काढणाऱ्याने दोनदा सांगितलं तरी सोडला नाही.

घरी येताना गाडीत ही म्हणाली, "एकतीस वर्षं तुमच्या बढाया ऐकते आहे. आज पहिल्यांदा एक कामाला आली."